मंगळावरची वस्ती आणि मोहनरावांची गाडी

१० जानेवारी
आजपासून मी समीक्षक. कापड दुकान चालूच राहील, पण साप्ताहिकाच्या संपादकांनी सिनेमाचं सदर दिलंय. तेलगावात हा मान पहिल्यांदाच. पहिला सिनेमा घरचाच निघाला. कावेरीच्या धाकट्या भावाने, संगमेश्वरने काढलेला. मंगळावर राहायला गेलेल्या माणसांचा. शूटिंग आष्टीकडच्या माळावर. मेहुणा असला तरी गय करणार नाही.
संकल्प: निर्भीड राहणे.

१२ जानेवारी
बीडला खास खेळ. संगमेश्वरने हाताला धरून बाजूला बसवलं. म्हणाला, दाजी, शेवटपर्यंत बघा आन् खरं काय ते सांगा. पहिला भाग लई उदास. हवा कमी, धान्य कमी, बोलणं तर त्याहून कमी. इंटरव्हलला कार्यक्रमाचे अध्यक्ष मोहनराव साहेबांचा सत्कार. फेटा, शाल, भाषण. मग साहेब निघाले. अध्यक्षांना गाडीपर्यंत सोडायला नको? पुढारी मंडळी उठली, मीही उठलो. गाडीपाशी फोटो, फोटोनंतर चहा, चहावर चर्चा. परतलो तर लोक बाहेर पडत होते. सगळे गप्प. म्हणजे भारावले असणार.
जाणत्या माणसाला अर्ध्यावरून पुढचं कळतं.

१३ जानेवारी, सकाळी दुकानात
समीक्षा लिहून दिली. ‘शेवटी मंगळावर पहिलं बाळ जन्मतं आणि डोळ्यांत आनंदाश्रू येतात. सहकुटुंब पाहावा.’ पहिल्या भागात एक बाई गरोदर होती. आता बाळ होणारच की. निर्भीडपणा पुढच्या सिनेमापासून.

१७ जानेवारी
छापून आलं! नाव ठळक. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी मात्र झोडपून काढलंय. फार काळा म्हणे, फार संथ, माणसाला जगावंसं वाटू नये असा. चांगलं म्हणणारा मी एकटा. संगमेश्वरने माझंच वाक्य पोस्टरवर घातलं. कावेरीने शिरा केला. दोनदा वाढला.

१९ जानेवारी
शेजारच्या अर्जुनरावांच्या सुनेला सातवा महिना. बाळ-बिळ बघून पोरीला बरं वाटेल म्हणून काल सगळं घर सिनेमाला नेलं. आज भर गिऱ्हाइकात दुकानात आले. म्हणाले, कामून लिवलं असं? त्यात येक बी माणूस जगत न्हाई. बाई बी न्हाई, लेकरू बी न्हाई. सून कालपासून जेवली न्हाई.
मी म्हणालो, ते प्रतीकात्मक आहे.
डोहाळजेवणाची साडी आमच्याकडूनच घेणार होते. तशीच ठेवून गेले. मी तिची घडी घालत बसलो.

२० जानेवारी
संकल्प: संगमेश्वरला कळायच्या आत उरलेला अर्धा पाहून टाकणे. तोंडाला मफलर गुंडाळून माजलगाव गाठलं. दारातच पोस्टर, त्यावर मी. तिकीटवाला म्हणाला, एकट्यासाठी खेळ लावत न्हाईत. अन् उद्या सिनेमा उतरायलाय. माझा काही दोष नाही. मी पाहायला गेलो होतो.

२१ जानेवारी
कावेरीला बजावलं, अर्जुनराव काय बोलले ते तुझ्या भावाला सांगू नकोस. ती भाकरी थापत होती. म्हणाली, त्याला काय सांगायचं? तुमची खुर्ची त्याच्याच बाजूला व्हती. दाजी येतेत म्हणून शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं न्हाई त्यानं.
मग पोस्टरवर का घातलं, विचारलं.
म्हणाली, दुसरं चांगलं कुणी लिवलंच न्हाई.
फार लाज वाटली. जेवण तसंच ठेवून संगमेश्वरला फोन लावला. माफी मागायची, सगळं सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. त्याने लगेच उचलला. म्हणाला, दाजी, जेवलात का?
मी म्हणालो, हो, आत्ताच.