डाव्या हाताची दोन बोटं

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

आज कपबशी सुटली. डाव्या हातातून. संजीवनी आतून म्हणाली, "अवो, लक्ष कुठंय तुमचं?" लक्ष कपबशीकडंच होतं, हे बायकोला कसं सांगू? करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट — चिमटा घेतला तरी कळत नाही. वर्ष होत आलं. कुणाला बोललो नाही.

दुपारी आरती आली, पासली गावची, माझी शिष्या. दोन तास तो पुरुषभर उंचीचा, चार तारांचा डबल बेस वाजवून साडेतीनच्या एसटीनं गेली. पोरगी तयार झालीय. चौदा डिसेंबरला पुण्यात संगीत महाविद्यालयाची प्रवेश-चाचणी. बेससाठी एकच जागा आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पुण्याला जाऊन आलो. घरात सांगितलं, पेन्शनचं काम आहे. डॉक्टर म्हणाले, कोपरापाशी नस दबलीय, ऑपरेशन करून घ्या, पण फार उशीर केलात — बोटं पहिल्यासारखी चालतीलच असं नाही. "काम काय करता?" म्हणाले. मी म्हणालो, शेती. बेस वाजवतो हे तोंडातून निघेचना.

नसरापूरपर्यंत एसटीत उभाच. डोक्यात एकच — हात गेला तर मी कोण? अठराव्या वर्षी पलटणीच्या बँडात घेतलं ते खांदे बघून. सगळ्यांत मोठं पितळी वाद्य माझ्या गळ्यात घातलं. पुढं ऑफिसर मेसच्या पार्ट्यांसाठी बँडमास्तरनी डबल बेस हातात दिला. तिथं जॅझ कानावर पडलं आणि मी खुळावलो. बावीस वर्षं नोकरी, मग पंधरा वर्षं पुण्यामुंबईच्या हॉटेलांत जॅझ. करोनात ते बंद पडलं तसा विंझरला घरी आलो, शिकवायला लागलो. एवढ्या वर्षांत बोलायचं काम कधी पडलंच नाही. जे काय केलं ते हातानं.

रविवार, ९ नोव्हेंबर

भीती वाटते. दुसरं काही नाव नाही त्याला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

धनाजी आला होता. आमच्याच बँडातला ट्रम्पेटवाला, आता सासवडला असतो. आरतीचं ऐकायला मुद्दाम बोलावलेलं. तिनं झकास वाजवलं. मी खूश. ती एसटीला गेल्यावर धनाजी म्हणाला, "ज्ञानू, पोरीच्या करंगळीला काय झालंय रे?"

"काय झालंय?"

"वापरतच न्हाई की. दोन बोटांवरच सगळं. हात नुसता वरखाली पळवती. लय वाढली की मागं पडंल बघ."

तिच्या करंगळीला काही झालेलं नाही. माझ्या झालंय!

बँडात आम्हाला असंच शिकवलं. "देखो और करो." उस्ताद वाजवणार, आपण तस्संच वाजवायचं. सवाल विचारला की मैदानाला दोन फेऱ्या. मीही तसंच शिकवतो — समोर उभी राहा, माझा हात बघ, विचारू नको. पहिल्या वर्षी तिची सगळी बोटं चालायची, चांगलं आठवतंय. माझी दोन थांबली तशी तिचीही थांबली. आणि मला दिसलं नाही, कारण माझं सगळं लक्ष माझा हात लपवण्यात.

धनाजीला एवढंच म्हणालो, "सांगतो तिला."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

"करंगळी वापर," म्हणालो.

"दाखवा ना सर."

पाणी प्यायला उठलो. मग पाठ दुखतीय म्हणालो. ती गेली. साठीला आलेला माणूस, आणि पोरीसमोर पाठीचं कारण सांगतो. लाज वाटते स्वतःची.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सांगितलं. हात टेबलावर ठेवला आणि करंगळीला सुई टोचून दाखवली. संजीवनी दारात उभी होती, तिलाही तेव्हाच कळलं. ती आत निघून गेली.

आरतीनं सुई उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला वाटलं, आता ह्योच हात बरोबर. पयला चुकीचा असंल म्हणून तुमी बदलला."

"मग विचारायचं नाही का?"

"तुमीच म्हणला व्हता, विचारायचं न्हाई."

चूक माझी आहे, एवढं म्हणालो. ती बोटांवर दिवस मोजत होती. "सव्वीस दिस ऱ्हायलेत. आता शिकवणार कसं?"

ठाऊक नाही म्हणालो. खरंच ठाऊक नाही.

जेवताना संजीवनी एकच शब्द बोलली. "वर्षभर?"

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आरती आता रोज येते. ती वाजवते तो जुना बेस तेवढा बाहेर, माझा गवसणीत घालून ठेवलाय, नाहीतर ती परत माझ्याच हाताकडं बघते. तोंडानं सूर म्हणून दाखवतो, टाळ्या देतो, मधेच अडकतो. बोट कुठं कसं दाबायचं ह्याला शब्दच नाहीत माझ्याकडं. आज तीनदा चिडलो तिच्यावर, चिडायचं होतं स्वतःवर. तिची करंगळी तारेवर थरथरते, सूर मधेच मरतो. शेवटी बोटावरचा फोड फुटला तरी म्हणाली, "आजून एकदा."

ही जागा हुकली तर ती माझ्यामुळं.

शुक्रवार, ५ डिसेंबर

ऑपरेशनची तारीख संजीवनीनंच फोन करून घेतली. सतरा. मी हो म्हणालो. आरतीचा सूर अजून पातळ येतोय. जेवण गेलं नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

उद्या चाचणी. आज तिनं मला भिंतीकडं तोंड करून बसवलं. "बघायचं न्हाई सर. निस्तं ऐका." आणि एकच सूर धरला. लांब, भरलेला, शेवटपर्यंत सरळ.

"कंचं बोट?"

"तर्जनी," मी म्हणालो.

"करंगळी."