गायरानाची कबुली

आमच्या सुनेचे तीर्थरूप, इवाई सूर्यभानजी यांस दर्यापुराकडून शालिकरामाचा हात जोडून रामराम. तुमची जमुना इकडे सुखात आहे. तुमच्या गुडघ्याची खबर कळवावी, म्हैस व्याली असेल तर तीही कळवावी.

इकडे कापसाच्या भावानं लोकांची डोकी फिरली आहेत. आमच्या गावचे जुने नेम तुम्हाला ठाऊकच आहेत: नाल्याचं पाणी अडवायचं नाही, गुरं चरायच्या गायरानात नांगर घालायचा नाही, असे सात. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मारुतीच्या पारावर ते म्हणून दाखवायचे, घरोघरच्या कर्त्यानं बेलभंडार उचलून 'कबूल' म्हणायचं, आणि शेवटचं घर बोलेपर्यंत गावात कोणी जेवायचं नाही. औंदा खुशालराव (नवा फेटा, नवी बंडी, आवाजही नवाच) म्हणाला, "आज्यानं एकडाव कबूल म्हटलं ना? मंग आमी दरसाल काहून म्हनाव?"

मला असा राग आला! पारावर चढून सांगितलं, आज्या जेवला म्हणून आपलं पोट भरतं काय? गाव आपलं म्हणायचं तर दरसाल आपल्याच तोंडानं कबूल म्हटलं पाहिजे. मी इतकं झकास बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं. बायासुद्धा "बराबर हाय" म्हणाल्या. (आमची मैनाबाई तेवढी गप्प. घरचं माणूस, तिला सगळं माहीत.)

मग पहिला मान मलाच. बेल हाती घेतला, आणि गायरानाचा नेम येताच तोंड उघडेना. तुमच्यापासून काय लपवू, इवाई, महिन्याखाली मी गायरानाची दोन बिघे पट्टी गुपचूप नांगरली होती. खोटा बेल कसा उचलू? घरोघरी आंब्याचा रस आंबायला लागला, पोरं रडायला लागली. शेवटी बोलून टाकलं. मग खुशालराव हळूच म्हणाला, "मीबी तीन बिघे." मग केशवराव, मग खुद्द पुजारी! गुरं रोज उपाशी परत येत होती आणि आम्ही सारे भलतीकडे बघत होतो. हसता हसता लोक पारावर आडवे झाले. सगळ्यांनी जमीन सोडली, मोठ्यानं कबूल म्हटलं आणि दिवस कलताना जेवलो. इतका आनंद मला पोराच्या लग्नातही झाला नव्हता. (तुमची सरबराई उत्तमच होती, तो भाग वेगळा.)

आपला,
शालिकराम

ता. क. त्या पट्टीसाठी आणलेली सरकी घरात पडून आहे. तुमच्या गावचं गायरान मोठं, आणि तिकडे असली कबुली घेत नाहीत असं जमुना सांगते. पाऊस लागायच्या आत दोन बिघे नांगरून ठेवाल काय?

आणखी ता. क. हे पत्र तुमच्या पारावर वाचू नये. कापूस वेचून होईपर्यंत तरी तिथं कोणाला चांगले विचार सुचू देऊ नका.