मिसेस पेनफोल्डचा झरा

११ फेब्रुवारी

बाटल्या भरल्या. बोटं अजून बधिर आहेत, पेन नीट धरवत नाही. पण हदार म्हणाली, "अन्या, तुझ्यासारखं काठोकाठ कोणीच भरत नाही!" आता बोटं गळून पडली तरी चालतील.

झरा मिसेस पेनफोल्डच्या शेतात आहे, हॅझलडीन गावाच्या वरच्या अंगाला. म्हातारी एकटीच राहते, मेंढ्या पाळते, आणि तिच्या घरातला नळसुद्धा याच झऱ्याचा. पलीकडच्या कुरणात डाउनफील्ड एनर्जीला विहीर खणायची आहे, खालच्या शेल दगडातून तेल काढायला. कौन्सिल मे महिन्यात ठरवणार. नोव्हेंबरपासून दर आठवड्याला मी या झऱ्याचं पाणी भरतो आणि हदार ते गावकऱ्यांच्या वतीने तपासायला पाठवते, मार्चअखेरपर्यंत.

तिचे नियम पाठ आहेत. साध्या बाटल्या झऱ्याच्या पाण्याने विसळायच्या. तेल तपासायची तपकिरी बाटली मात्र अजिबात विसळायची नाही, तेल काचेला चिकटतं आणि आकडा खोटा येतो. झाकणाखाली बुडबुडा नको. बर्फाच्या पेटीत घालून लगेच लॅबकडे.

मिसेस पेनफोल्डनी चहा दिला. त्याच पाण्याचा. "बॉटल दॅट, लव्ह," म्हणाल्या. त्या सगळ्यांनाच लव्ह म्हणतात, आपल्याकडच्या 'बाळा'सारखं.

१४ फेब्रुवारी

कार्ड घेतलं. दिलं नाही. व्हॅनच्या ग्लव्हबॉक्समध्ये आहे.

१९ फेब्रुवारी

बाबांशी पुन्हा वाजलं. आमटीवरून सुरू झालं आणि तेलावर गेलं.

"तुझी डिलिव्हरीची व्हॅन कशावर चालते रे? पाण्यावर?"

"डिझेलवर."

"मग? ते दुसऱ्याच्या देशातून आलेलं चालतं, आणि इथं खणलं की मात्र पाप?"

मी म्हटलं, बाबा, खाली तेलाचं तळं नाहीये. दगड आहे. त्याच्या पापुद्र्यांत तेल अडकलंय आणि ते स्वतःहून वाहत नाही. अ‍ॅसिड सोडा, नाहीतर दाबाने पाणी सोडून दगड फोडा, तेव्हा कुठे थेंब थेंब येतं. त्याच्याबरोबर खारं, घाण पाणी वर येतं. ते न्यायला टँकर. टँकरला रस्ता. रस्त्यासाठी झाडं तोडा. आणि एवढं करून विहीर वर्ष-दोन वर्षांत बसते, की लगेच शेजारी दुसरी खणा!

बाबांनी चमचा खाली ठेवला. "एवढं येतं तुला, तर डिग्री का सोडलीस?"

आई बाबांना म्हणाली, "हरीश, जेवू दे त्याला."

मी जेवलो नाही. आता भूक लागलीये.

२ मार्च

का सोडली ते इथं तरी खरं लिहावं.

दुसऱ्या वर्षी जिऑलॉजीची ट्रिप स्कॉटलंडला गेली होती. तिथं शंभर-दीडशे वर्षांपूर्वी शेल भट्टीत भाजून तेल काढायचे. तेल कधीच जळून गेलं. भाजलेल्या दगडाचे ढीग राहिले. लाल टेकड्या, गावापेक्षा उंच. हदार आमची डेमॉन्स्ट्रेटर होती, मास्टर्स करत होती. त्या टेकडीवर तुफान वारा, तिचे केस तोंडात, आणि ती ओरडून सांगतेय, "हे बघा! तेल त्यांनी नेलं, बिल इथं ठेवलं!"

तिथंच संपलो मी. मग तिला मराठी येतं हे कळलं. तिची आजी मुंबईची, बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारी ज्यू, आता वेम्बलीत राहते. सगळ्या ग्रुपसमोर ती मला हळूच म्हणाली, "ए, तुझी लेस सुटलीये." इंग्लंडमध्ये आल्यापासून इतकं सुंदर वाक्य मी ऐकलं नव्हतं.

पुढे ती हॅझलडीनच्या लोकांसाठी काम करायला लागली आणि मी युनि सोडली. सगळ्यांना सांगितलं, पर्यावरणासाठी. अर्धं खरं आहे.

लाल दगडाचा तुकडा खिडकीत आहे. आत्ताही दिसतोय.

१६ मार्च

हदारच्या आजीने बोलावलंय! रविवारी, वेम्बलीला. घरी मलिदा आहे. नवस फेडायचा असला की करतात. नोकरी, घर, बरं वाटलं, आणि साखरपुड्याआधीसुद्धा!! हे हदार नाही बोलली, तिचा चुलतभाऊ योनी बोलला. वर म्हणाला, "यू आर इम्पॉर्टंट गेस्ट, ब्रो. आजीने खास नाव घेऊन सांगितलंय."

खास नाव घेऊन.

निळा शर्ट इस्त्री केला. आईने विचारलं, कोणाचं लग्न?

२३ मार्च

लिहायचं नव्हतं. पण झोप येत नाही.

घर भरलेलं. योनीने डोक्यावर टोपी ठेवली माझ्या. टेबलावर मोठं ताट. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. एलियाहू हनाबी या त्यांच्या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना झाली. मला एक शब्द कळला नाही, तरी मान खाली घालून मीही मनात माझं मागून घेतलं. मूर्ख!

एस्थर आजींनी पहिली वाटी माझ्या हातात दिली. "खा पोरा, लाजतोस काय? तुझ्यामुळे तर झालं हे सगळं."

माझे कान तापले. म्हटलं, "आजी, माझ्यामुळे?"

"मग! थंडीवाऱ्यात पाणी कोण भरत होतं? हदारने सगळं सांगितलंय. ते पाणी बघूनच तर साहेबांनी घेतली हिला. आता पक्की नोकरी. तेल कंपनीत!"

मी म्हटलं, कुठल्या?

"ते डाउन... डाउन काय ग, हदार?"

पोहे घशात अडकले. योनी पाठीत थापटत होता. हदार दारात उभी होती, हातात केळ्यांची ताटली. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग केळ्यांकडे.

जिन्यात गाठलं तिला. म्हणाली, "मी सांगणार होते."

"कधी? टॉवर उभा राहिल्यावर?"

"अन्या, कुठलीही कंपनी खणायच्या आधी पाण्याची तपासणी मागते. ती माझ्याकडे होती. तुझी आणि माझी."

माझी! म्हणजे इतके दिवस मी डाउनफील्डचं काम करत होतो. फुकट. बोटं गोठवून. निळा शर्ट घालून त्याचाच प्रसाद खाल्ला.

टोपी परत करायची राहिली. खिशातच आहे.

२४ मार्च

खोटारडी.

२६ मार्च

फोन आला. तिचं नाव दिसलं की अजूनही पहिल्या रिंगलाच उचलतो, त्याचाच जास्त राग येतो.

"प्रॅक्टिकल विचार कर. हे तेल कोणालाच परवडणारं नाही. तीन-चार वर्षांत स्वतःच गाशा गुंडाळतील. प्रश्न आहे मधल्या वर्षांचा. तोवर आधी पाणी कसं होतं हे कोणीतरी..."

कापला फोन. पगार सुरू झाला की सगळ्यांना प्रॅक्टिकल सुचतं.

२८ मार्च

मीच केला फोन. म्हटलं, ठीक आहे, रविवारचं शेवटचं सॅम्पल मी घेतो.

किती खूश झाली! "मला माहीत होतं, तू समजून घेशील."

३० मार्च

केलं.

मिसेस पेनफोल्ड मेंढ्यांकडे गेल्या होत्या. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये त्यांची डिझेलची टाकी आहे, शेतावरचं लाल डिझेल. कॅनच्या झाकणात थोडंसं घेतलं. तपकिरी बाटलीत आधी ते, मग झऱ्याचं पाणी. काठोकाठ. बुडबुडा नाही. विसळली नाहीच, नियमच आहे ना मॅडमचा!

झऱ्यात एक थेंब सांडू दिला नाही. मी काही राक्षस नाही. पण त्यांच्या त्या चकचकीत स्वच्छ रिपोर्टमध्ये आता तेल निघू दे. पाण्यात तेल म्हटल्यावर कौन्सिल हात लावेल का? अर्ज लटकेल. आणि हदारबाईंची पक्की नोकरी... बघू किती पक्की आहे.

येताना चहासाठी थांबवत होत्या. थांबलो नाही.

१५ एप्रिल

रिझल्ट आला. हदारचा आवाज बसलेला होता. "अन्या, झऱ्यात डिझेल आहे."

मी म्हटलं, "अरे बापरे." बरं जमलं मला.

मग म्हणाली, नमुने द्यायची मुदत संपलीये, तरी परत घेऊ द्या म्हणून तिने मीटिंगमध्ये भांडण केलं. साहेब हसले म्हणे. म्हणाले, गरज काय? आपल्याला उलट बरंच झालं.

उलट बरं? ते मला कळलं नाही. विचारलं नाही.

१७ एप्रिल

आज कळलं.

ती आमच्या बेसिंगस्टोकला आली, स्टेशनसमोरच्या कॅफेत. डाउनफील्डचं जॅकेट होतं अंगावर. मी त्याकडे बघतोय हे बघून तिने ते काढून खुर्चीवर टाकलं, उलटं.

"मी तिथं का गेले माहितीये? एक अट घालून घ्यायला. मिसेस पेनफोल्डच्या झऱ्यात तेलाचा अंश दिसला की खणणं थांबवायचं, त्याच दिवशी. ते तयार झाले होते! झरा इतका स्वच्छ होता की नाही म्हणायला जागाच नव्हती. सगळ्या हिवाळ्याचे आकडे होते आपल्याकडे."

"मग?"

"मग आता झरा आधीपासूनच खराब ठरला. पुढे त्यांनी काहीही सोडलं तरी बोट कुणाकडे दाखवणार? ट्रॅक्टरकडे."

कॉफीत साखर घातली मी. मी साखर घेत नाही.

"त्या दिवशी फोनवर हेच सांगत होते," म्हणाली. "तू ठेवलास." मग एकदम टेबलावरून माझा हात धरला. पहिल्यांदा. "जाऊ दे. तू होतास म्हणून इतकं तरी झालं. बाकी कोणावर मला भरवसा नव्हता."

तिचा हात गरम होता. मी माझा काढून घेतला.

सगळं सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि तिच्या ट्रेनची वेळ सांगितली.

३ मे

आजसुद्धा नाही सांगितलं.

९ मे

कौन्सिलने परवानगी दिली. गावच्या हॉलमध्ये कोणीतरी एकट्यानेच टाळी वाजवली. अटींतून झरा वगळला. हदार पायऱ्यांवर बसून होती. नोकरी सोडते म्हणाली. मी तिच्या शेजारी बसलो, मध्ये दोन माणसांची जागा ठेवून.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "ऐकलं. वाईट वाटलं रे." त्यांना खरंच वाटत होतं. मला ते सहन झालं नाही, मी त्यांच्यावरच ओरडलो.

२५ मे

मिसेस पेनफोल्डकडे गेलो. सांगायलाच गेलो होतो, देवाशपथ.

डिझेलची टाकी अंगणात आडवी पडली होती, खालची जमीन खणून काढलेली. ट्रॅक्टर विकला म्हणाल्या. गळती कुठे होती ते सापडलं नाही, पण असणारच ना, लॅब खोटं कशाला बोलेल? पायरीवर सुपरमार्केटच्या पाण्याचे कॅन. चहा दिला. त्याच कॅनमधला.

मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सॉरी, लव्ह. तुझी सगळ्या हिवाळ्याची मेहनत माझ्यामुळे फुकट गेली."

मला! मला सॉरी म्हणाल्या.

आणि मी म्हणालो, "इट्स ओके."