पुढच्या चाकांचा जोर

२१ जुलै १९५५, गुरुवार

लहानूने आज मोटार उघडी केली. चांगली चालती मोटार! पुढे सीट, मागे सीट, त्यामागे हौदा. अख्खं घर बसतं तिच्यात. आता पुढची चाकं काढून मोटार विटांच्या थप्पीवर ठेवली आहे. नागपूरहून लष्कराच्या मोडीतल्या गाडीचा पुढचा आख आणलाय. आजवर मागचीच चाकं जोर लावत होती, आता पुढचीही लावतील म्हणतो. म्हणजे काळ्या मातीत रुतणार नाही.

नाही जमलं तर? विचारलं. पोटचा मुलगा, पण वर्षभर कामापुरतंच बोलतो.

२४ जुलै

आनंदाबाई सुईण येऊन गेली. सूनबाईचे, कमलाचे, दिवस तिने बोटांवर मोजले — पोळ्याच्या आसपास, म्हणाली. पुन्हा पोळाच.

२५ जुलै

लिहून टाकतो. दुसरीकडे बोलायची सोय नाही.

गेल्या पोळ्याला कमलाच्या पोटात अवेळी दुखू लागलं. लहानू तिला मोटारीत घालून देवळीच्या दवाखान्याकडे निघाला. नाल्यापाशी मागची चाकं पार रुतली. शेजारचा चिंधू धावत आला, बैल मागायला. माझे बैल शिंगं रंगवून, झूल घालून तोरणाखाली निघायचे होते. पोळ्याला बैलांच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. आदल्या संध्याकाळी हळद-लोणी लावून मीच त्यांचे खांदे शेकले होते, उद्या जेवायला या म्हणून आवतन दिलं होतं. मी चिंधूला म्हणालो, लाल्या लंगडतो.

लंगडत नव्हता.

तोरण तोडून पोळा फुटल्यावर बैल घेऊन गेलो. मोटारीतच मुलगा झाला होता. गेलाही होता. लाल्याचं खोटं त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

३ ऑगस्ट

देवळीचा बबन मिस्त्री आला. आख बसवला. मधे दात्यांचा मोठा गोळा आहे, त्यातून चाकांना जोर जातो म्हणे. बबन मला म्हणतो, आता बैल विका, बाबाजी, अन् मोटारीलेच पुरणपोळी चारा. लहानू हसला नाही. मीही नाही.

५ ऑगस्ट

मोटार विटांवरच सुरू केली. मी वाकून पाहिलं. मागची चाकं पुढे फिरत होती, पुढची मागे! मी ओरडलो. बबन म्हणाला, "बाबाजी, चष्मा बदला."

बैलगाडीचे आख बसवण्यात माझा जन्म गेला — लाकडी का होईना. मोटार थांबवायला लावली. डबीतला चुना घेऊन एका पुढच्या नि एका मागच्या चाकावर, दोन्हींच्या समोरच्या कडेला, ठिपका लावला. हळूच फिरवा म्हटलं. एक ठिपका वर चढला, दुसरा खाली उतरला. बबनचं हसू गेलं. गोळा गिअरच्या बाजूला यावा म्हणून दोघांनी आख पालथा बसवला होता. चिखलात निम्मी मोटार देवळीकडे ओढली असती, निम्मी घराकडे.

लहानूने माझ्याकडे पाहिलं. पाना उचलला नि खाली शिरला.

११ ऑगस्ट

अजून विटांवरच. पाणी थांबत नाही. कमला चालताना कमरेवर हात ठेवते.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडा झाला. दुपारी मोटार खाली उतरवली. प्रभाकररावांच्या शेताच्या बांधाकडे चिखलात घातली, चारही चाकांनी चिखल उडवत बाहेर आली. पोरं नाचली. माझा भरवसा नाही. बांधाकडचा चिखल वेगळा, नाल्याचा वेगळा.

१६ ऑगस्ट

बैलांचे खांदे शेकले. आवतन दिलं नाही. आनंदाबाईने विचारलं, काऊन?

१७ ऑगस्ट, पोळा

सकाळीच कळा सुरू झाल्या. लहानूने मोटार काढायच्या आत मी लाल्या आणि बंड्याला घेऊन नाल्यावर गेलो. जू चढवलं. सोल, जाड दोर, बांधून तयार ठेवला.

लोक बैल धुऊन परतत होते. थांबून पाहू लागले. गावातला भैय्याजी जवळ आला. "तानबा, आज जू? डोकं फिरलं का तुयं?"

म्हटलं, हो.

मोटार आली. मागच्या सीटवर कमला, तिला धरून आनंदाबाई. चिखलात पुढची चाकं अर्धी बुडाली. मोटार जागीच थरथरली. मी सोल हातात घेतला. तेवढ्यात पुढच्या चाकांनी कुठेतरी पकड घेतली, नाक वर झालं, नि मोटार पलीकडे चढली.

तिथे लहानूने क्षणभर मान वळवली. बैल पाहिले, जू पाहिलं. गेला.

पोळा फुटेपर्यंत मी तिथेच उभा. न जाणो, परत यावं लागलं तर.

१८ ऑगस्ट

देवळीच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. लहानू कपडे न्यायला आला, तेव्हा सांगून टाकलं — मागच्या साली लाल्या लंगडत नव्हता.

तो हात धूत होता. म्हणाला, "मले माहीत होतं, बाबा. लंगडा बैल तोरणाखाली नाचून राह्यला होता, चिंधूनं तवाच सांगतलं." मग हात पुसत, "म्हणून तं पुढच्या चाकाईले जोर देल्ला. पोळ्याच्या दिवशी तुमाले बैल मांगाचं काम पडू नये."