हिरव्या झेंड्यातला पोपट

४ मार्च, मंगळवार

पोपट आहे तो. पोपट!

दुपारी डबा खाताना कळलं. आमच्या कवळ्यांच्या लॅबच्या ग्रुपवर मी सकाळी लिहिलं होतं – उद्या प्लास्टरच्या गोण्या येणार, सगळ्यांनी अर्धा तास लवकर या. खाली लगेच चार हिरवे झेंडे. मी कुरळीला म्हटलं, बघ, पोरं किती तयारीची आहेत. कुरळी म्हणजे फोन घेणारी, डब्या बांधणारी मुलगी. मनाने बरी आहे. ती घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली.

"काकू, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

माझा फोन घेतला, झेंड्याचा फोटो काढला, दोन बोटांनी ताणला. हिरव्या कापडावर मधोमध लाल वाटोळं. त्यात पोपट. कुठल्याशा लांबच्या बेटाचा झेंडा म्हणे. ते बेट कुठे आहे हे त्या चौघांनाही ठाऊक नाही. ठाऊक असायची गरजही नाही. कुणाचा पोपट झाला की तो झेंडा टाकायचा. बस.

आणि मी आठ महिने समजत होते की हिरवा झेंडा म्हणजे 'चला, पुढे व्हा'. गाडीला दाखवतात तसा.

कुरळीने बाकीचंही सांगितलं. सुरुवात कुणी केली तेही. दीडशहाण्याने. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो तो, तेवीस वर्षांचा. जुलैत मी ग्रुपवर लिहिलं होतं, मालक मला लॅबची मुख्य करणार आहेत, तुम्हा सर्वांच्या साथीने काम करू वगैरे. चांगल्या बारा ओळी. दुसऱ्या दिवशी मालकांनी ती जागा मेव्हण्याला दिली. त्या संध्याकाळी पहिले झेंडे पडले. मला वाटलं, पोरं धीर देतायत. मी प्रत्येकाला वेगळे आभार लिहिले.

प्रत्येकाला. वेगळे.

५ मार्च

आज कामावर कवळीला मेण लावता लावता हात थांबला. चिमीला पाठवलाय मी तो.

माझी भाची. तिचं लग्न बारा दिवसांवर आलेलं असताना मुलाकडच्यांनी मोडलं, गेल्या महिन्यात. सगळ्या नातेवाइकांनी फोन केले, लांबलचक लिहिलं. मला शब्द सुचेनात. मग तीन हिरवे झेंडे पाठवले ओळीने. म्हणजे – जा बाई, तुझी वाट मोकळी झाली. किती समाधान वाटलं होतं पाठवून! म्हटलं, थोडक्यात नेमकं बोलले.

तेव्हापासून तिचा फोन नाही. दर रविवारी करणारी मुलगी. वहिनीला विचारलं तर म्हणाली, ती कुणाशी बोलायच्या मनःस्थितीत नाही. आवाज असा तुटक, की मीच पुढे बोलले नाही. आता कळलं तुटक का ते.

चार वेळा लिहिलं आणि पुसलं. काय लिहू? पोपट दिसला नाही म्हणून? कागदाच्या जाडीएवढा उंच दात मला नुसत्या बोटाला कळतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कोण विश्वास ठेवेल?

६ मार्च

त्या दीडशहाण्याला सोडणार नाही.

७ मार्च, शुक्रवार

मालकांना सांगावं? ते हसतील. कदाचित त्यांनाही माहीत असेल. ग्रुप सोडावा? मग त्यावरही झेंडा टाकतील, मी बघायला नसेन एवढंच.

आज दीडशहाण्याने नवे बूट घालून साऱ्या लॅबभर मिरवलं. मला म्हणाला, काकू, चष्मा विसरलात का, आज शांत शांत! दोघं हसले. मीही हसले. दात दाखवायला आमच्याकडे काय तोटा.

संध्याकाळी त्याच्या तयार कवळ्यांचा ट्रे नेहमीसारखा माझ्या टेबलावरून जायला आला. नेहमीसारखी एक उचलली, जबड्यासारख्या उघडमीट होणाऱ्या बिजागरीवर बसवली, निळा कागद मधे घालून मिटली – उंच दातावर डाग उमटतो. उजवी दाढ उंच. त्याची उजवी दाढ नेहमीच उंच असते. हातच तसा पडतो त्याचा. दीड वर्ष मी ती गुपचूप घासून देतेय. कुणी सांगितलेलं नाही, माझं ते कामही नाही. पोरगा नवा आहे, शिकेल, म्हणून. मग सवय झाली.

घासायचं यंत्र सुरू केलं होतं. बंद केलं.

कवळी जशी होती तशी डबीत ठेवली. डबीवर त्याची सही.

१० मार्च

सहा गेल्या. सहाही उंच. मी फक्त हात मागे घेतला, बाकी काही केलं नाही. कुणाला काही सांगताही येणार नाही. किती हलकं वाटतंय!

ग्रुपवर मी आता मुद्दाम लिहिते. गुड मॉर्निंग, आज हवा छान आहे. झेंडे पडतात. पडू देत.

१३ मार्च

त्या कवळ्या कुणाच्या तरी तोंडात जाणार. आज एका डबीवर वय लिहिलं होतं – एक्याऐंशी. त्या आजोबांनी माझं काय घोडं मारलंय? हिरड्या सोलून निघतील.

डबी परत उघडली होती. मग शेजारी दीडशहाणा फोनवर खिदळला. झाकण लावलं.

१७ मार्च, सोमवार

पहिली परत आली! डॉक्टरांची चिठ्ठी होती – उजवीकडे लागते, पेशंट जेवू शकत नाही. दीडशहाणा म्हणाला, डॉक्टरांनी मापच चुकीचं घेतलं असणार. मी म्हटलं, असेल हो.

१९ मार्च

आणखी दोन.

२१ मार्च

एकूण पाच. एका दवाखान्याने पुढची कामं दुसरीकडे दिली. मेव्हणेबुवा दिवसभर कपाळाला हात लावून. दीडशहाण्याचे बूट आज वाजले नाहीत.

चार वाजता तो माझ्या टेबलापाशी आला. फोन खिशात, हातात परत आलेली कवळी.

"काकू, माझं काम आधी परत यायचं नाही."

"नाही यायचं," मी म्हटलं.

तो तसाच उभा. माझ्या हातातल्या निळ्या कागदाकडे बघत. मग यंत्राकडे. मग माझ्याकडे. कळलं त्याला. अगदी समोर बघताना कळलं. दीड वर्षाचं सगळं एका मिनिटात त्याच्या चेहऱ्यावरून गेलं.

मला वाटलं, आता भांडेल. भांडायला हवं होतं. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण म्हणाला, "चावा कसा तपासायचा ते मला शिकवाल?"

"आज वेळ नाही," म्हटलं. आणि यंत्र सुरू केलं, म्हणजे पुढचं काही ऐकू येऊ नये.

२४ मार्च

चिमीचा अजून फोन नाही. काल दिवसभर वाट पाहिली. जेवढी वाट पाहते तेवढा दीडशहाण्याचा राग येतो. माझी एकुलती एक भाची! मला मूल नाही. लहानपणी माझ्या कुशीतच वाढली. तिच्या दुधाच्या दातांचा साचा मी करून ठेवलाय कपाटात. आणि कुणा उनाड पोराच्या गमतीपायी ती मला कायमची तुटली.

शिकव म्हणे!

२६ मार्च, बुधवार

आज झालं.

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. एक्याऐंशीच्या आजोबांच्या मुलीचं पत्र मोठ्याने वाचलं. ते आठवडाभर नुसत्या पेजेवर होते. मालक दीडशहाण्याला सगळ्यांसमोर म्हणाले, आजपासून कवळीला हात लावायचा नाही, मागे जाऊन प्लास्टर कालवायचं. मी असं असं करत होते, आणि थांबवलं, हे त्याने मालकांना सांगितलं असतं तर माझीही अडचण झाली असती. सांगितलं नाही. का, ते मला कळत नाही. कळून घ्यायचंही नाही.

जागेवर आले. चष्मा घातला. ग्रुप उघडला. झेंडा शोधायला वेळ लागला, ओळीत कुठेतरी खाली असतो. टाकला. एकच.

कुणी हसलं नाही. कुणी काहीच टाकलं नाही. पाच जणं आपापल्या टेबलावर, सगळ्यांचे फोन एकदम वाजले, आणि मग नुसता पंख्याचा आवाज. कुरळीने माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही. पण आठ महिने मी जे गिळलं ते तिने कुठे गिळलंय?

छान जेवले आज. दोनदा वाढून घेतलं.

२८ मार्च

दीडशहाण्याने नोकरी सोडली. सकाळी येऊन एप्रन घडी करून ठेवला, किल्ली दिली. माझ्या टेबलावरून जाताना थांबला. म्हणाला, येतो काकू. मी मान हलवली. वर पाहिलं नाही.

ग्रुपमधून तो बाहेर पडल्याची ओळ दुपारी आली.

मेव्हणेबुवा म्हणाले, त्याचं टेबल तुम्ही घ्या, खिडकीपाशी आहे. घेतलं. उजेड चांगला आहे.

३० मार्च, रविवार

चिमीचा फोन! ती बाहेरगावी मैत्रिणीकडे होती म्हणे, महिनाभर कुणाशीही बोलली नाही, आईशीसुद्धा धड नाही. मी झेंड्याची माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच हसायला लागली.

"सगळ्यांनी रडगाणी पाठवली, आत्या. तू एकटीच सरळ म्हणालीस, पोपट झाला. तेही तीनदा! त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले. अजून रोज काढून बघते." मग म्हणाली, "तुला हे शिकवलं कुणी?"

मी म्हटलं, होता एक मुलगा आमच्या लॅबमध्ये.