वरच्या पुलाचे आकडे

२२ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

नमस्कार. तुमची आणि जाऊबाईंची प्रकृती बरी असेल. माझे गुडघे सोडले तर मीही बरी आहे.

त्या सकाळी मी चादरी भिजवल्या होत्या. दूध उतू गेलं होतं म्हणून शेगडी पुसत होते. तुमचे भाऊ औषधांची पेटी घेऊन दारात उभे राहिले. "चल की, रोगी तपासून येऊ." ओढ्याला ते रोगी म्हणायचे. मी म्हटलं, "तुमचा रोगी कुठे पळून जात नाही. माझ्या चादरींना मात्र वास येईल." ते हसले आणि एकटेच निघाले. येताना साबण आणा, असं मी पाठीमागून सांगितलं.

साबण आला नाही. पुलाच्या पायरीवरून त्यांना तुम्हीच उचललंत. त्याआधी तासभर माणसं त्यांच्या शेजारून जात-येत होती. त्यांना वाटलं, पाणी बघत बसलेत.

हे तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहिते आहे, कारण जे ठाऊक नाही ते इथूनच सुरू होतं.

महिन्याभराने ओढ्याचं पाणी तपासणाऱ्या आपल्या गटाचे मास्तर घरी आले. वरचा पूल आता कोण बघणार, म्हणाले. मी बघते म्हटलं. काम मला येत होतं. बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. औषधं घालायची आणि शेवटचं औषध रंग जाईपर्यंत थेंबाथेंबाने सोडायचं. जितके थेंब लागतील तितका पाण्यात प्राणवायू. बारा वर्षं ते थेंब सोडायचे आणि मी मोजायची.

पहिल्या रविवारी मी पायरीपर्यंत गेले आणि माघारी आले. वहीतला रकाना रिकामा होता. मागच्या वर्षी त्याच आठवड्यात त्यांनी आठ लिहिले होते. मीही आठ लिहिले. एकदाच, असं ठरवून. पुढच्या रविवारी त्यांचे सात होते. असे अकरा रविवार गेले, भाऊजी. मी वाचायला शिकले ती रद्दीच्या कागदांवरून, पण आकडे सुवाच्य काढते. मास्तरांनी कौतुकही केलं.

खालच्या पुलावर पाणी तपासताना तुम्हाला तीन येत होते, मग दोन.

सभेत मास्तर म्हणाले, "वर सात आणि खाली दोन? मधे पाणी बिघडवणारं काही नाही, नुसती झाडं आहेत." गटातला रंगारी तुमच्याकडे बघून हसला. "यांचे हात थरथरतात हो. निम्मे थेंब बाहेर सांडत असतील."

थेंब बाहेर सांडले तर आकडा वाढतो, कमी होत नाही. त्या खोलीत हे मला पक्कं ठाऊक होतं.

तुम्ही माझ्याकडे वळलात. "वहिनी, वरचं पाणी कसं आहे?"

"नेहमीसारखं," मी म्हणाले.

मग तुम्ही स्वतःच्या हातांकडे पाहिलंत. तुमची औषधांची पेटी टेबलावर ठेवलीत आणि चप्पल घालून निघून गेलात. ते पाहणं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. माझ्यावर विश्वास ठेवून तुम्ही तुमच्या हातांवर शंका घेतलीत.

मी मनाशी म्हणत होते, खरं सांगितलं तर त्यांच्या बारा वर्षांच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. ती सबब होती. मला ती पायरी उतरायची नव्हती, इतकंच. त्या दिवशी मी सोबत गेले असते तर ते तासभर तसे बसले नसते. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्ही लगेच कराल, आणि ते मला सोपं जाईल.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी पायरी उतरले. बाटली भरली. दोन थेंबांत रंग गेला. पुन्हा भरली, पुन्हा दोनच. मग वहीतल्या माझ्या अकरा आकड्यांवर रेघ मारली, प्रत्येकाशेजारी 'मोजलं नाही' लिहून सही केली आणि बाराव्या रकान्यात दोन लिहिले. वही मास्तरांच्या हातात दिली, ते वाचून होईपर्यंत समोर उभी राहिले आणि तुमची पेटी मागून घेतली. ती या पत्रासोबत पाठवते आहे.

तुमच्या हातांना काही झालेलं नाही.

तुमची
वहिनी