पेवाचं पेय

७ जून १९९८, रविवार. सांगली
नवा कॉम्प्युटर आला. रंगीत पडदा, माऊस, दोन स्पीकर. बायकोचा, मंगलचा हट्ट. बसवायला आलेला पोरगेला इंजिनीयर म्हणाला, "काका, जुनं मशीन आम्हाला द्या, एक्स्चेंजमध्ये लावतो." तुम्हाला ते कशाला हवंय, विचारलं. नुसता हसला. हसण्याचा अर्थ लागला नाही, म्हणून दिलं नाही. जुनी एक्सटी माळ्यावर ठेवली. बँकेच्या लिलावातली, हिरव्या अक्षरांची, पण आजवर माझ्याशी एकदाही खोटं बोललेली नाही.
सगळ्या फाइली वायर जोडून नव्यात घेतल्या. आईची पण.

९ जून
नव्या मराठी सॉफ्टवेअरचं लक्षण ठीक दिसत नाही. आईची फाइल उघडली तर पानभर लाल रेघा. हाय, न्हाई, आमी, तवा, सगळ्यांच्या खाली. मग खिडकी उघडून विचारतं: "अशुद्ध शब्द आढळले. शुद्ध करायचे का?" बटणं दोन. ‘शुद्ध करा’ ठळक, ‘राहू द्या’ फिकट. म्हणजे उत्तर याचं आधीच ठरलेलं.
राहू द्या दाबलं. आम्हाला शुद्ध-अशुद्ध ठरवणारे आईनं पुष्कळ बघितलेत. आता हा एक पेटीतला.

१० जून
फाइल पुन्हा वाचली. दोन हिवाळ्यांपूर्वी आई दारात उन्हाला बसून सांगायची आणि मी एक्सटीवर तसंच्या तसं टाइप करायचो. लहानपणी ती हरिपूरच्या पेवांवर हळदीच्या कामाला होती. जमिनीखालची कोठारं ती, तोंड लहान, पोट मोठं. "हळद आमच्या हातची चालायची, पानी न्हाई." आणि तिची मैत्रीण गुना. पेवात उतरली, खाली कोंडलेली हवा, वर आलीच नाही. खालून एकदाच काहीतरी ओरडली.
दिवाळीपासून आईला आठवत नाही. गुनाचं नाव काढलं तर म्हणते, "कोन गुना?"
तर आता फाइल तेवढी.

१४ जून
काहीतरी झालंय. आईच्या फाइलवर कालची तारीख. काल मी दिवसभर तार ऑफिसात. व्हायरस? की त्या इंजिनीयरनं काही सोडून ठेवलंय आत?
उघडली. लाल रेघ एकही नाही.
"आम्ही दोघी पेयात उतरायचो. गुन्हा आधी उतरली."
पेयात! आधी हसू फुटलं. पुढं वाचत गेलो तसं ते गेलं. पेव याला माहीत नाही, त्यानं पेय केलं. गुना माहीत नाही, गुन्हा केला.

१५ जून
मंगलनं केलंय. विचारल्यावर सरळ म्हणाली, "हो, मीच ‘सगळे बदल’ दाबलं. समाजमंदिरात वाटायला पुस्तिका काढायची ना? अशी छापणार होता का?"
"अशी म्हणजे कशी?"
"हाय न्हाई करत. अहो, शाळेत एकदा ‘न्हाई’ म्हणाले तर बाईंनी वर्गासमोर उभं केलं होतं. अख्खा वर्ग हसला. आता आत्यांना हसलेलं मला चालणार नाही."
नको ते बोललो. मास्तरीण झालीस म्हणून सासूची वही तपासणार का, असं काहीतरी. ती जेवली नाही. मीही नाही.

१६ जून
ऑफिसात मन नव्हतं. तारेची शिस्त अशी, की माणूस लिहून देईल ते अक्षरन् अक्षर पाठवायचं. ‘मयत’ लिहिलं तर मयत. आपण निधन करायचं नाही. नोकरीभर हे पाळलं आणि घरात...

१८ जून
हातानं दुरुस्ती करतोय. पेय काढून पेव. गुन्हा काढून गुना. तेवढं जमतं. आहेचं हाय करताना मात्र हात अडतो, कारण आई कुठं हाय म्हणाली आणि कुठं नुसतीच मान हलवली, ते मला कुठं आठवतंय?
आणि एका जागी पार अडकलो. गुना खालून ओरडली तिथं आता लिहिलंय: "वारस!"
वारस कसं असेल? वारं? वर? की तिसरंच काही? माझ्याच बोटांनी टाइप केलेला शब्द आणि मलाच माहीत नाही. तारेतही असंच व्हायचं. मजकूर बोटांतून निघून जायचा, डोक्यात काही राहायचं नाही. त्या पोरीचं जगातलं शेवटचं बोलणं, ते आमच्या घरात बिघडलं.

२१ जून, रविवार
मं. स्वतःहून म्हणाली, आत्यांना वाचून दाखवते, कदाचित आठवेल. तिनं शुद्ध केलेलंच छापलं होतं, तेच वाचलं. पेय-गुन्हा तेवढे वाचतावाचता सुधारले. आई नीट ऐकत होती. संपल्यावर विचारते,
"ही बाई कोन गं?"
"तुम्हीच की आत्या."
"न्हाई. लय ग्वाड बोलती. पर पेवात उतरल्याली न्हाई ही."
मं.नं कागद उलटा करून ठेवला. आत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच होती.

२७ जून
एक्सटी खाली काढली. चालू होते, पण डिस्क फिरत नाही, नुसता टक्-टक् आवाज. मोठ्या फ्लॉप्यांवर बुरशी. आता हीसुद्धा उलटली की काय? तशी ती नाही, म्हातारी झालीय इतकंच. साताऱ्याच्या शिंदेला फोन केला. फौजेत सिग्नलला होता, जुनी मशिनं त्याच्याइतकी कुणाला कळत नाहीत. येतो म्हणाला.

५ जुलै, रविवार
शिंदे सकाळच्या एसटीनं आला. चहाही न घेता झाकण खोललं. डिस्कच्या बाजूला पेचकसाच्या मुठीनं हळूच ठोकलं. घरघर करून फिरली! मी ओरडलोच. यादीत आईची फाइल दिसली.
"गड्या, नाचू नगंस. लय येळ न्हाई चालायची ही. एकदा-दोनदा काय घ्याचं ते घे."
कॉपी लावली. निम्म्यात थांबली. हिरवी अक्षरं: वाचता येत नाही. अबॉर्ट, रिट्राय, फेल? सोडू, पुन्हा बघू, की हरले म्हणू?
ही निदान विचारते तरी, आणि तिन्ही पर्याय सारखेच ठळक.
रिट्राय दाबावं तर डिस्क कायमची बसायची भीती. सोडावं तर पुढचं पेवाचं सगळं गेलं. मं. म्हणाली, "दाबा." मग म्हणाली, "नको, थांबा." तिचा हात माझ्या खांद्यावर होता, तीन आठवड्यांनंतर पहिल्यांदा.
घरघर ऐकून आई दारात आली. आम्ही तिघं त्या उघड्या पेटीवर वाकलेलो.
"कुनाला वर काडताय रं?"
मं. म्हणाली, "गुनाला, आत्या."
आई भिंतीला धरून खाली बसली. "मग थांबलायसा कशापायी?"
रिट्रायचं R दाबलं. हे लिहितोय तरी डिस्कचा लाल दिवा अजून लुकलुकतोय.